आखातात माणूस गेला, तर पुढे काय होतं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजच्या विषयाची सूचना लावली तेव्हा एका श्रोत्यांनी फोन करून विचारलं, "सणासुदीच्या तोंडावर असला अभद्र विषय कशाला?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आम्ही काही जण गेली काही वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुटुंबांची कागदपत्रं भरून द्यायला बसतो, आणि तिथं येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणतो : "हे आधी कोणी सांगितलं असतं तर..." म्हणून आज हे आधी सांगतोय.

सुरुवात जरा लांबून करू. १८७० साली कोल्हापूरचे राजाराम महाराज, वय अवघं वीस, इंग्लंडचा दौरा आटोपून परत निघाले होते. वाटेत इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. तारीख ३० नोव्हेंबर. बरोबरच्या मंडळींना दहन करायचं होतं, आणि फ्लॉरेन्समध्ये प्रेत जाळायची ना पद्धत होती ना परवानगी. ब्रिटिश वकिलातीमार्फत खास परवानगी काढावी लागली. मग आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, शहराच्या कडेला, चिता रचली गेली. १८७४ मध्ये तिथं महाराजांचा छत्रीखालचा अर्धपुतळा बसला, आणि पुढे १९७८ मध्ये जवळच झालेल्या पुलाला नावच पडलं 'इंडियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल.

महाराजांच्या मागे एका साम्राज्याची वकिलात उभी होती. आज शारजाच्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहणाऱ्या एसी मेकॅनिकच्या मागे कोण असतं? खोलीतले आठ जण. आजचं बोलणं त्या माणसाबद्दल आहे. आणि उदाहरण मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीचं घेऊ, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं तिथली. सौदी, कुवेत, ओमानचे नियम थोडे वेगळे आहेत, त्याचा उल्लेख ओघात येईल.

एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. खेड तालुक्यातला माणूस, वय सत्तेचाळीस. रात्री जेवून झोपला, सकाळी कामाच्या गाडीची वेळ झाली तरी उठला नाही. खोलीतल्या पोराने गावी फोन केला तो त्याच्या बायकोला नाही, तिच्या दिराला. "दादा, जरा बाजूला जाऊन बोला." हे वाक्य आम्ही इतक्या घरांतून ऐकलंय की ते आता आम्हाला पाठ आहे.

हॉस्पिटलबाहेर मृत्यू झाला की पहिले येतात पोलीस. घाबरायचं कारण नाही, तो तिथला नियम आहे. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर डॉक्टर सूचनापत्र देतात, खोलीत झाला तर पोलीस पंचनामा करतात आणि शव सरकारी शवागारात जातं. खोलीतल्या लोकांचे जबाब होतात. घातपाताचा संशय नसेल तर पोलिसांचं ना-हरकत पत्र लवकर मिळतं. अपघात, आत्महत्या किंवा मारामारी असेल तर तपास संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि मग दिवसांचे आठवडे होतात.

आता आपल्या सरकारला कसं कळतं? १९६३ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, वाणिज्य दूतावासांबद्दलचा, व्हिएन्नात झालेला. त्याच्या ३७ व्या कलमात लिहिलंय की परक्या देशाचा नागरिक वारला तर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच्या देशाच्या दूतावासाला विनाविलंब कळवायचं. कागदावर उत्तम. व्यवहारात दूतावासाला पहिली बातमी बहुतेक वेळा खोलीतला पोरगा, कंपनीचा पीआरओ किंवा एखादा समाजसेवक देतो. म्हणून घरच्यांनी वाट बघत बसू नये. दुबईचा भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे २०१५ पासून चालू असलेलं पोर्टल, दोन्हीकडे आपणच लेखी कळवावं. लेखी म्हणतोय आम्ही. फोनवर सांगितलेल्याचा पुढे काही उपयोग होत नाही.

मग कागदांची साखळी सुरू होते. तिथला मृत्यूचा दाखला, व्हिसा रद्द करणं, दूतावासात मृत्यूची नोंद आणि पासपोर्ट रद्द करणं, दूतावासाचं ना-हरकत पत्र. मग शव टिकवण्याची रासायनिक प्रक्रिया, म्हणजे एम्बाल्मिंग, आणि तिचा दाखला. दुबईत हे केंद्र मुहैस्ना भागात आहे. कामगारांच्या छावण्याही तिथंच, आणि कामगार त्या भागाला सोनापूर म्हणतात. मुंबईच्या जुन्या माणसांना सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सचं स्मशान आठवतं. दुबईच्या सोनापूरचं नाव कुठून आलं यात आपण शिरायला नको, पण पहिल्यांदा हे नाव ऐकलेल्या एका आजींनी "अगं बाई, तिथं राहायचा तो?" असं विचारलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही.

शवपेटी विमानाच्या मालाच्या भागातून येते. हे ऐकायला वाईट वाटतं, आणि पूर्वी त्याहून वाईट होतं : पेटीचं वजन करून किलोवर भाडं लागायचं. लोकांनी बरीच वर्षं यावर तक्रार केली. शेवटी २०१९ च्या सुरुवातीला एअर इंडियाने अमिरातीतून वजनाऐवजी एकच दर ठेवला, मोठ्या माणसासाठी १,५०० दिरहम. इकडे उतरल्यावर विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून 'ई-केअर' नावाचं सरकारी पोर्टल आहे, चोवीस तास चालतं, आणि कागद विमान सुटण्याआधीच त्यावर चढवता येतात. मुंबईत पेटी मालाच्या टर्मिनलवर मिळते, प्रवाशांच्या दारात नाही. दोन कुटुंबं आम्हाला माहीत आहेत जी पहाटे तीन तास चुकीच्या दारात उभी होती. मग रुग्णवाहिका, आणि मुंबई-गोवा रस्ता.

सगळं सुरळीत असेल तर हे काही दिवसांत होतं. सरकारने मनावर घेतलं तर त्याहून लवकर. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यातल्या ४५ भारतीयांचे मृतदेह १४ जूनला हवाई दलाच्या विमानाने कोचीत उतरले. त्यांत एक महाराष्ट्राचा होता. दोन दिवस! आणि उलट टोक म्हणजे २०२० चा एप्रिल. टाळेबंदीत अमिरातीतून दिल्लीला आलेले तीन भारतीयांचे मृतदेह विमानतळावरूनच परत पाठवले गेले. नंतर नियम सुधारला, पण आपल्याच देशाच्या दारातून माणूस मेल्यावर परत गेला, ही नोंद राहिलीच.

खर्च कोणी करायचा? अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे, कुटुंबाने मागणी केली तर शव तयार करून मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाचा. मागणी केली तर, हे लक्षात ठेवा. मालक पळाला असेल किंवा माणूस व्हिसा संपून राहिलेला असेल, तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, गरजू प्रकरणांत त्यातून खर्च होतो. व्हिसा संपलेला होता म्हणून लाजून गप्प बसलेली कुटुंबं असतात. बसू नका. मेलेल्या माणसाचा तो गुन्हा दूतावास तुमच्या माथी मारत नाही.

प्रत्येक जण परत येतोच असं नाही. कोकणातून आखातात गेलेल्यांत मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यात लवकर दफन करण्याकडे कल असतो, तेव्हा बरेचदा तिथंच दफन होतं. घरच्यांची लेखी संमती मात्र लागते. हिंदूंसाठी अमिरातीत दहनाची सोय आहे, दुबईत जेबेल अलीला. अस्थी दाखल्यांसह विमानातून आणता येतात. सौदीत दहनाची सोय नाही, त्यामुळे तिथून शवच आणावं लागतं.

इथपर्यंत जे सांगितलं ते लोक कसंबसं निभावून नेतात. गावकरी मदत करतात, खोलीतली पोरं वर्गणी काढतात, केरळी समाजसेवक तर अक्षरशः देवासारखे धावतात, मयत कुठल्या राज्यातला हे न विचारता. अडतं ते पुढे. शरीर घरी येतं आणि त्याचा पैसा तिकडे राहतो.

त्यात सगळं फिरतं मृत्यूच्या दाखल्यावरच्या एका ओळीवर. मृत्यूचं कारण. आपल्या खेडच्या माणसाचा हिशेब करू. मूळ पगार १,००० दिरहम, नोकरी आठ वर्षं. पगार हातात १,८०० यायचा, पण हिशेब मूळ पगारावर होतो, भत्त्यांवर नाही. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. म्हणजे १०५ अधिक ९०, एकूण १९५ दिवस. रोजचे तेहतीस दिरहम आणि वर थोडे. झाले ६,५०० दिरहम. आपले साधारण दीड लाख रुपये, शिवाय थकलेला पगार आणि रजेचे पैसे असतील ते. आठ वर्षांचा माणूस, दीड लाख.

तोच माणूस कामावर अपघातात गेला असता, किंवा कामावर जाता-येताच्या वाटेत, तर वर चोवीस महिन्यांचा मूळ पगार : २४,००० दिरहम. (कायद्यात किमान १८,००० आणि कमाल दोन लाख अशी मर्यादा आहे.) शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख रुपये. दुसऱ्याच्या चुकीने रस्त्यात गाडीखाली गेला असता तर कोर्ट 'दिया' देतं, म्हणजे रक्ताची भरपाई, दोन लाख दिरहम. पण झोपेत हृदय बंद पडलं, दाखल्यावर 'नैसर्गिक' आलं, की यातलं काहीच नाही.

आणि आखातातल्या आपल्या कामगारांचे बहुसंख्य मृत्यू याच सदरात मोडतात. जुलैमध्ये गच्चीवर एसीचे कॉम्प्रेसर चढवणाऱ्या माणसाचं हृदय रात्री बंद पडतं त्याला किती नैसर्गिक म्हणायचं? १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा तिथं नियम आहे, म्हणजे ऊन माणसाला काय करतं हे कायद्याला ठाऊक आहे. दाखल्याला ते ठाऊक नसतं. आमचं मत विचाराल तर सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी फट आहे.

प्रवासी भारतीय विमा योजनेचंही तसंच. दहावी न झालेल्यांना, म्हणजे ज्यांच्या पासपोर्टला ईसीआर लागतं त्यांना, ती सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. दहा लाख मिळतात ते अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला. आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण आपणच करायचं असतं. पहिल्यांदा एजंटाने काढून दिलेली पॉलिसी पुढे कोणी बघतही नाही. ही फट थोडी बुजवायला दुबईच्या भारतीय दूतावासाने विमा कंपन्यांशी बोलून मार्च २०२४ पासून कामगारांसाठी वेगळी योजना आणली. वर्षाला ३७ दिरहमपासून हप्ता, ३५,००० दिरहमपासून भरपाई, आणि नैसर्गिक मृत्यूही त्यात धरला आहे. ती कंपनीमार्फत घ्यायची असते. आज तुमचं कोणी तिकडे असेल तर त्याला एवढाच प्रश्न विचारा : "तुझ्या कंपनीने ती घेतलीय का?"

आता खेडच्या घराकडे परत. दिराला कंपनीचा मेल आला. शव पाठवायचं तर वारसांचं अधिकारपत्र हवं, मजकूर सोबत जोडला आहे, सही करून नोटरी करून आजच पाठवा. घरात रडारड चाललेली. बायकोने सही केली. मजकूर इंग्रजीत होता आणि त्यात शव पाठवण्याच्या अधिकाराबरोबर 'सर्व देणी स्वीकारण्याचा व पोचपावती देण्याचा' अधिकारही कंपनीनेच सुचवलेल्या माणसाला दिला होता. महिनाभराने विचारणा केली तेव्हा उत्तर आलं, हिशेब पुरा झाला, पावती आमच्याकडे आहे. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर दहा दिवसांत वारसांना देणी द्यायची असतात. कागदावर ती दिलेली होती! ते पैसे परत मिळवायला दीड वर्ष गेलं, आणि सगळे मिळाले नाहीत.

म्हणून अधिकारपत्रं दोन करायची. एक फक्त शवासाठी, त्यात पैशाचा शब्द नको. दुसरं देण्यांसाठी, ते घाई संपल्यावर, मराठीत समजून घेऊन, विश्वासातल्या माणसाच्या किंवा दूतावासाच्या नावाने. घाईत कोणी एकच कागद पुढे केला तर "शवाचा कागद आज देतो, पैशाचा नंतर" एवढं म्हणा. त्यावरून कोणी शव अडवून धरलं तर लगेच दूतावासाला लिहा.

सौदीसारख्या ठिकाणी देणी आणि भरपाई दूतावासाकडे जमा होते आणि दूतावास ती इकडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे वाटपासाठी पाठवतो. मग सुरू होतो वारसांचा प्रश्न. आपल्याकडे न्यायालयाकडून वारस दाखला घ्यावा लागतो. १८२७ चं एक मुंबई रेग्युलेशन आहे, आठव्या क्रमांकाचं, आणि महाराष्ट्रात तो दाखला आजही त्याच्याखाली मिळतो! तलाठ्याने सातबाऱ्यावर वारसनोंद केली म्हणजे हा दाखला मिळाला असं नव्हे, ही गल्लत फार होते. आणि सगळ्यांत जास्त अडतं नावावर. पासपोर्टवर पत्नीचं नाव 'सुनीता', आधारवर 'सुनिता', लग्नाआधीच्या शाळेच्या दाखल्यावर 'कुसुम'. एका वेलांटीसाठी आठ महिने गेलेले आम्ही पाहिलेत. नाव सुधारायचं काम माणूस जिवंत असताना एका फॉर्मचं असतं.

थोडं त्यांच्याबद्दल, जे तिकडे बायकामुलांसह राहतात, नोकरीही बऱ्यापैकी असते. यांची अडचण वेगळी. बँकेला मृत्यू कळला की खातं गोठतं. संयुक्त खातं असलं तरी निदान मृताचा हिस्सा अडकतो, कोर्टाचा वारसा आदेश येईपर्यंत. घरभाडं, शाळेची फी, सगळं त्याच खात्यातून जात असतं. म्हणून पत्नीच्या स्वतःच्या नावाचं वेगळं खातं आणि त्यात काही महिन्यांचा खर्च, हे असायलाच हवं. कुटुंबाचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर असतो, पण लगेच देश सोडावा लागतो हा समज आता जुना झाला. २०१८ पासून विधवेला आणि मुलांना प्रायोजकाशिवाय एक वर्ष राहता येतं.

इच्छापत्र नसेल तर? १ फेब्रुवारी २०२३ पासून तिथं बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा नागरी कायदा आहे. त्यात अर्धी मालमत्ता जोडीदाराला, उरलेली अर्धी मुलांना, मुलगा-मुलगी सारखीच. आपल्या देशाचा कायदा लावा अशी मागणीही करता येते. यात म्हाताऱ्या आईवडिलांचा वाटा मुलं असताना येत नाही. आपल्या हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे. गावी आईला दरमहा पैसे पाठवणाऱ्या माणसाने हा फरक लक्षात घ्यावा आणि इच्छापत्र करावं. दुबईत बिगर-मुस्लिमांची इच्छापत्रं नोंदवायचं एक इंग्रजी पद्धतीचं कार्यालय २०१५ पासून आहे, पण तिथं सगळ्या मालमत्तेच्या एका इच्छापत्राला १०,००० दिरहम लागतात. अबुधाबीच्या न्यायखात्यात त्याहून पुष्कळ कमी खर्चात काम होतं.

आता श्रोत्यांचे प्रश्न घेऊ.

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय : आम्हाला संशय आहे, शव इकडे आल्यावर शवविच्छेदन करून घेता येईल का? करता येतं, पोलिसांकडे अर्ज द्या. पण एम्बाल्मिंगच्या रसायनांमुळे विषाची चाचणी बरेचदा निकामी होते. संशय असेल तर तो तिकडेच, एम्बाल्मिंगच्या आधी, दूतावासामार्फत पोलिसांना लेखी कळवायला हवा. त्यासाठी हातात एखाद-दुसरा दिवसच असतो.

दुसरा प्रश्न : सुतक कधीपासून धरायचं, बातमी कळल्यापासून की दहनापासून? हा आमचा प्रांत नाही, भटजींना विचारा. त्यांच्यातही एकमत नसतं असा आमचा अनुभव आहे. मात्र दहावं-बारावं उरकायच्या घाईत कोणत्याही कागदावर सही करू नका, एवढं आम्ही सांगू शकतो.

तिसरा प्रश्न खोलीतल्या एका पोराने शारजाहून पाठवलाय : मित्राच्या एटीएमचा पिन मला माहीत आहे, घरच्यांना गरज आहे, पैसे काढून पाठवू का? नको रे बाबा. मृत्यूनंतर काढलेला प्रत्येक दिरहम बँकेच्या नोंदीत तारखेसह दिसतो, आणि गुन्हा तुझ्यावर येईल. तू एक काम कर. त्याची पेटी बंद करण्याआधी त्यातल्या लेबर कॉन्ट्रॅक्टचा, पगाराच्या चिठ्ठ्यांचा, एमिरेट्स आयडीचा आणि विम्याच्या कागदांचा फोटो काढ आणि तो त्याच्या बायकोला पाठव. दिराला नको, बायकोला.